साखरेचा दाणा आणि विमा साहेबांचे वजन

माझा मुलगा सांगत फिरतो की विमा कंपनीच्या साहेबांनी दया दाखवली, म्हणून मला भालकीकडच्या साखर कारखान्यात पुन्हा काम मिळाले. हे धादांत खोटे आहे. यंत्राच्या पट्ट्यात सापडून माझा उजवा हात गेल्यावर त्याच साहेबांनी मला वजन उचलायला लावले, अपात्र ठरवले आणि फाटकावर राखणीला बसवण्याची शिफारस केली. वास्तविक माझे काम शिजत्या पाकात दाणा केव्हा धरला हे चिमटीत चोळून ओळखण्याचे होते. घरी काकवीत साखर कालवून मी डाव्या बोटांना तोच सराव दिला होता.

“साहेब, पाक बघायला वजन कामून आणलाव?” मी विचारले.

“अप्पा, आता आराम करा.”

“आरामाला तुमची सही लागत न्हाई. कामाला लागायलीय.”

मी त्यांना पाक शिजतो त्या पॅनपाशी नेले. पाक चिमटीत धरून दोनदा “न्हाई” म्हणालो, तिसऱ्यांदा “व्हय”. कारखान्याच्या केमिस्टने नमुना काचेवर पाहिला आणि होकारार्थी मान हलवली. साहेबांनी उभ्याउभ्याच शिफारस खोडली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीला मी पॅनवर हजर होतो.