तीन दिवसांची नोकरी

आमच्या ऑफिसात पूर्वी सांगण्यासारखं काही घडतच नसे. पाच दिवस काम, शनिवारी कपडे आणि किराणा, रविवारी कुणाकडे तरी जेवण. यात किस्सा कुठून निघणार? मग कंपनीनं आमचे तास कमी केले आणि किस्से इतके साठले, की आता कुणी चहाला आलं तर एखादा ऐकवल्याशिवाय मला राहवत नाही.

कंपनी बर्मिंगहॅममधली, किचनची कपाटं बनवून विकणारी. तिथे आम्ही तीन मराठी. मी, अकाउंट्समधली, मुलीला एकटीनं वाढवणारी. नागपूरचा अभय, वर्क व्हिसावर आलेला. आणि मूळच्या गिरगावच्या विद्याताई, ज्या बावीस वर्षं पेरोल सांभाळतायत. त्यांचे यजमान गेले, मूलबाळ नाही, भाड्याच्या फ्लॅटमध्ये एकट्याच राहतात. दुपारी कँटीनमध्ये आमचे तिघांचे डबे एकत्र उघडतात.

एका सोमवारी मॅनेजरनं पत्रं वाटली. विक्री बसलीय, पुढच्या महिन्यापासून सगळ्यांना आठवड्याला तीनच दिवस काम. पगारही तेवढ्याच दिवसांचा.

*

आम्ही हादरलो, पण अभयच्या पायाखालची जमीनच सरकली. त्याच्या व्हिसाला ठरावीक पगार लागतो आणि तीन दिवसांचा पगार त्यात बसत नव्हता. कंपनीला ते सरकारला कळवावं लागलं असतं, मग बायको-मुलीसकट परत. इथे कायमचं राहण्याचा अर्ज करायला चारच महिने उरले होते.

"चार वर्षं आठ महिने काढले इथे," तो म्हणायचा. "आता लेकीला शाळेतून काढू का?" डबा उघडायचा आणि तसाच मिटायचा.

पुढच्या आठवड्यात चमत्कार झाला. मॅनेजरनं त्याचे पाचही दिवस ठेवले. अभयनं ऑफिसभर बर्फी वाटली. मॅनेजरला वाकून नमस्कार करायचाच काय तो बाकी होता.

त्याच आठवड्यात विद्याताईंच्या वाट्याला मात्र एकच दिवस आला, बुधवार. वय बघून कापले असणार, दुसरं काय? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या मॅनेजरशी मी महिनाभर बोलले नाही.

*

माझी समजूत अशी, की बेकारभत्ता पूर्ण बेकारांचा असतो. आपल्याला निदान तीन दिवसांची नोकरी आहे, म्हणजे आपण त्यात बसत नाही. सहा आठवडे मी पोटाला चिमटा काढून घालवले.

एक दिवस ऑफिस झाडणाऱ्या मॉरीननं विचारलं, "तुझा भत्त्याचा क्लेम झाला का गं?"

मी म्हटलं, "मी नोकरी करते ना!"

तिनं व्हॅक्यूम बंद केला. "सो डू आय, लव्ह. नोकरी अकरा वर्षं आणि क्लेम आठ वर्षं."

तास कमी असले तर पगार धरून वरची थोडी भर सरकार घालतं, हे अकाउंट्समधल्या बाईला मॉरीननं व्हॅक्यूम हातात धरून समजावून दिलं.

*

जॉबसेंटरला, म्हणजे हा भत्ता देणाऱ्या सरकारी ऑफिसात, पहिल्या दिवशी मी जाडजूड फाइल घेऊन गेले. सरकारी ऑफिस म्हटलं की आपला हात आपोआप झेरॉक्सकडे जातो. दहावीच्या मार्कशीटपासून घटस्फोटाच्या कागदांपर्यंत सगळ्याचे दोन-दोन सेट.

आपली केस बघणाऱ्या बाईला इथे वर्क कोच म्हणतात. माझी कोच तिशीतली होती. अर्ज ऑनलाइन भरलेला होता, तिला फक्त पासपोर्ट हवा होता. तरी मी फाइल सरकवली म्हणून तिनं बिचारीनं पानं उलटली.

"संस्कृत, एटी-नाइन," ती म्हणाली. "लव्हली. पण सध्या आमच्याकडे त्याची व्हेकन्सी नाहीये."

*

पुण्याला आईपासून मी हे सगळं लपवलं होतं. मंगळवारी व्हिडिओ कॉलवर घरात दिसले की म्हणायचं, वर्क फ्रॉम होम. पण माझ्या लेकीच्या पोटात काही राहत नाही. "आजी, आई आता तीन दिवस जाते," तिनं सांगून टाकलं. "बाकीचे पैसे सरकार देते."

मी रडारडीची तयारी ठेवली. दुसऱ्या दिवशी आईच्या सोसायटीतल्या काकूंचा मेसेज आला, पेढ्यांच्या फोटोसकट. "अभिनंदन! तुला तिकडे सरकारी पगार लागला असं आई सांगत होती."

*

विद्याताई क्लेम करायलाच तयार नव्हत्या. एका दिवसाच्या पगारात भाडंसुद्धा निघेना, तेव्हा मी त्यांना हाताला धरून नेलं. तीच कोच होती.

"तुम्हाला काय काय येतं?"

"विशेष काही नाही," ताई म्हणाल्या.

"कंप्युटर?"

"थोडंफार."

कोचनं टाइप केलं, बेसिक. दोनशे माणसांचा पगार एका पैचीही चूक न करता काढणारी ही बाई! मी मध्ये बोलायला गेले तर ताईंनी मलाच दटावलं. "आपलं आपणच सांगायचं असतं का?"

त्यांना नवशिक्यांच्या कंप्युटर क्लासला घातलं. पहिल्याच तासाला ताईंनी तिथल्या मास्तरांची एक्सेल शीट दुरुस्त करून दिली.

*

महिन्याभरानं ताईंना पुन्हा बोलावणं आलं, मीही बरोबर गेले. ताईंचे दिवस का कमी झाले, यावर कंपनीनं पाठवलेलं उत्तर कोचसमोर होतं.

"विद्या, कंपनी म्हणते, तुमचे दोन दिवस तुम्हीच मागून कमी केलेत."

मी हसले. "चुकून लिहिलं असेल."

"नाही, बरोबर आहे," ताई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून मराठीत, अगदी हळू, "कुणीतरी सोडले तरच अभयला देता येतील, असं मॅनेजर म्हणाला होता."



कोच सांगत होती, स्वतःहून काम सोडलं तर काही आठवडे पैसे थांबू शकतात. "पण काही कारण असेल तर सांगा. तब्येत? घरी कुणाची काळजी? मी लिहिते."

मी तोंड उघडलं. ताईंनी टेबलाखाली माझं मनगट घट्ट धरलं.

"लिहा," त्या इंग्लिशमध्ये म्हणाल्या, "मला वाटलं म्हणून."

कोचनं तसंच लिहिलं.

बाहेर बसस्टॉपवर मी ताईंवर चिडले, अक्षरशः रडले. त्या म्हणाल्या, "त्याला कळलं तर तो ते दिवस परत करेल. अर्जाला अजून तीन आठवडे आहेत. तोंडातून अक्षर काढायचं नाही."

*

पुढच्या बुधवारी आम्ही तिघं जेवायला बसलो. ताईंचे पैसे थांबवल्याचं पत्र आदल्याच दिवशी आलं होतं.

अभयनं घसा साफ केला. "ताई, राग मानू नका. तुम्ही जॉबसेंटरला जाता असं कळलं. तुमच्यासारख्या माणसानं असं सरकारपुढे हात पसरावा, हे मला बघवत नाही. मी असतो तर उपाशी राहिलो असतो."



ताईंनी आपला डबा त्याच्याकडे सरकवला. "उपाशी कशाला राहायचं, बाळा? घे, दोन पोळ्या जास्त आणल्यात."

अभयनं त्या दोन्ही खाल्ल्या.