कालचं हाय, आजचं नाय

माझ्या नर्मदा आत्याने मला फसवलं. शिळा माल ताजा म्हणून माझ्या गळ्यात मारला, आणि माझे सख्खे वडील त्यात तिचे भागीदार होते. हे मी चारचौघांत सांगते तेव्हा लोक म्हणतात, अगं, गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये. पण ते लोक आत्याकडून कधी मासळी घ्यायला गेले नव्हते. गेले असते, तर तिच्या हातून असं होणं किती मोठं होतं ते त्यांना कळलं असतं.

आत्या चिंचणीहून सकाळच्या रिक्षाने, पायांशी पाटी घेऊन, बोईसरच्या बाजारात यायची. बसली की आधी दोन ढीग लावायची. उजवीकडे आजची मासळी, डावीकडे कालची, बर्फातली. गिऱ्हाइकाचं बोट डाव्या ढिगाकडे गेलं की विचारायच्या आत सांगायची, "कालचं हाय, आजचं नाय." शेजारी बसणाऱ्या बायका कपाळाला हात लावायच्या. एकदा एक म्हणाली, "नर्मदे, धंदा करतेस का कीर्तन?" आत्या पाटीवर पाणी मारत म्हणाली, "तुज्यासारकं रंगवून विकायचं तर मी नाटकातच नसती गेली?"

रविवारी सालवडच्या खोल्यांमधून कारखान्यातले कामगार यायचे. बरेचसे उत्तरेकडचे. "मौसी, ताजा है ना?" असं कोणी विचारलं की ही आपल्या हिंदीत सुनवायची, "कल का हाय. बरफ का हाय. सोच के लेने का, बाद में मेरे को नाय बोलने का." तो हसून तेच घ्यायचा. भाव मात्र ती सोडायची नाही.

तिची दुसरी खोड म्हणजे ती कुठल्याच प्रश्नाला उत्तर द्यायची नाही. भाव विचारला तर विचारायची, "खाणारी माणसं किती?" वय विचारलं तर, "का, स्थळ आणलंस?" मी लहान असताना विचारलं होतं, आई कधी परत येणार? आई तापाने गेली होती आणि आत्या तिच्या घरून आमच्याकडे राहायला आली होती, ती कायमचीच. माझ्या प्रश्नावर ती म्हणाली, "दीपे, वेणी घालायची हाय का तशीच जातेस शाळेत?" आणि तिने इतकी घट्ट वेणी घातली की रडायला मला वेगळं कारण मिळालं.

आज मी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत बंद पडलेल्या कारखान्यांची जुनी यंत्रं घेते नि विकते. मला कोणी काही दिलं नाही, मी भांडून मिळवलं. माझ्या तोंडाला लागायला लोक घाबरतात. हे तोंड आत्याच्या पाटीशेजारी बसून तयार झालेलं आहे.

केमिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षानंतर उन्हाळ्यात मला जर्मनीत रंगांच्या एका प्रयोगशाळेत इंटर्नशिप मिळाली. निघताना आत्याने सुके बोंबील नि सोडे इतक्या पिशव्यांत गुंडाळून दिले की विमानतळावर वास यायची सोय राहिली नाही. ती वाळली होती, पोट दुखतं म्हणून जेवत नव्हती. मी विचारलं तर म्हणाली, "तुज्या बॅगेचं वजन केलंस का?"

तिथे मला कोणी त्रास दिला नाही. तेच वाईट होतं. बस वेळेवर यायची, दार आपोआप उघडायचं, साहेब नम्र होते. रात्री जेवणाच्या वेळेलाही खिडकीत लख्ख ऊन, आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. रविवारी दुकानं बंद. एकदा बोंबील भाजले तर धुराची घंटा वाजली आणि सगळी इमारत खाली अंगणात. कोणी रागावलं नाही. एखादी बाई "काय गं हे, सटवे!" म्हणाली असती, तर मी तिच्या गळ्यात पडून रडले असते.

शनिवारी चौकात बाजार भरायचा. त्यात मासळीची एक गाडी होती. मी भाव केला. त्या बाईने फळ्यावर लिहिलेला आकडा मला पुन्हा वाचून दाखवला. मी कमी करून मागितला, तिने पुन्हा वाचला. मग माझ्या लक्षात आलं की या देशात माझ्याशी कोणी भांडणार नाही. घर म्हणजे काय, ते मला त्या गाडीपुढे कळलं.

तेव्हा आधार होता तो आत्याच्या व्हॉइस मेसेजचा. साधा फोन लावला की बाबाच बोलायचे, आणि समोरासमोरचा फोन तिला आवडत नसे. "तोंड काय दाकवायचं, मी काय नवरी हाय?" पण मेसेज यायचे, दर दोन-चार दिवसांनी. "दीपे, होड्या वर ओडल्या. आता बंदी, ताजं काय नाय. सुकं विकते." नाहीतर, "तुजा बाप चहात साखर इसरला, मी तसाच प्याली, बोलली नाय." मी उलट विचारायचे, पोटाचं कसं आहे, डॉक्टर काय म्हणाले? त्याचं उत्तर यायचं नाही. मला संशय आला नाही. तिने कधी उत्तर दिलं होतं? आवाज थोडा पोकळ, विहिरीतून आल्यासारखा वाटायचा. मला वाटलं, फोन लांब धरत असेल.

जुलैच्या सुरुवातीला प्रयोगशाळेच्या पायरीवर डबा खाताना पुढचा मेसेज ऐकला. आत्या खुशीत होती. "दीपे, काल दर्याला नारळ दिला गो. होड्या सुटल्या. आज पयली पाटी भरली, सरंगे असे चमकतात! तू आता येशीलच."

मी डबा बंद केला. नारळी पौर्णिमा श्रावणात. तिला अजून महिना होता. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी चालू होती, किनाऱ्यावर एक होडी पाण्यात नव्हती. घड्याळ चुकेल, पण आमच्या घरात कोणी नारळी पौर्णिमा चुकणार नाही.

मी बाबांना फोन लावला. "आत्याला द्या."

"झोपलीय ती."

"दुपारची? बाजाराच्या दिवशी?"

बाबा म्हणाले, "मेसेज पोचला काय?"

"बाबा, नारळ कधी दिला?"

पलीकडून कोंबड्यांचा आवाज येत होता. मग बाबा म्हणाले, "चुकून पुडचा लागला. मला त्यातलं कळत नाय, दीपा." आणि ते रडायला लागले.

आत्या जूनच्या पहिल्या आठवड्यात गेली होती. दिवसकार्यही उरकलं होतं. पालघरच्या डॉक्टरांनी एप्रिलमध्येच सांगितलं होतं की आता फार दिवस नाहीत, आणि आत्याने बाबांना शपथ घातली होती की पोरीला कळता कामा नये, ती सगळं टाकून येईल. मग अंथरुणावर पडून तिने बाबांच्या फोनमध्ये माझा अख्खा उन्हाळा बोलून ठेवला. बंदीचं बंदीच्या जागी, पावसाचं पावसाच्या, नारळाचं शेवटी. बाबा तिच्या फोनला आपला फोन तोंडाशी तोंड लावून वाजवायचे नि मला पाठवायचे. विहीर ती होती.

मी शिव्या दिल्या. बापाला द्यायच्या नसतात त्या दिल्या. त्यांनी ऐकून घेतल्या, नि शेवटी विचारलं, "आजून थोडे हायत. पाटवू का नको?"

मी म्हटलं, "पाठवा. पण शिळं म्हणून सांगून पाठवा."

त्यानंतर प्रत्येक मेसेजच्या आधी बाबांच्या थकलेल्या आवाजात एवढंच यायचं, "कालचं हाय, आजचं नाय." आणि मग आत्या. इंटर्नशिप मी पुरी केली. परत येऊन तिला पोहोचवायला मिळणार नव्हतंच. माझ्या दुःखाची वेळ तिने ठरवून टाकली होती, मला न विचारता. उभ्या जन्मात जिने गिऱ्हाइकाला फसवलं नाही, तिला फसवायला मीच सापडले.

लोक म्हणतात, तुझ्या भल्यासाठी केलं. भलं मला दिसतं आहे. माझं दुकान, माझं नाव, सगळं त्या उन्हाळ्यानंतरचं आहे. पण मी भाव करणारी बाई आहे. मला विचारायला हवं होतं. मी काय म्हटलं असतं ते मी म्हटलं असतं.

आत्या आता उत्तर देणार नाही. ती होती तेव्हाही देत नसे. म्हणून मी बाबांना विचारते, आणि दर वेळी ते उठून कोंबड्यांना दाणे टाकायला जातात. आज मी इथे लिहूनच विचारते, सगळ्यांसमक्ष, म्हणजे उठून जायला जागा नको.

बाबा, ते शेवटचे दिवस तुम्ही एकटेच तिच्या उशाशी होता. शपथ घातली, मेसेज भरले, ते सगळं मान्य. पण त्यानंतर, अगदी शेवटी, "दीपेला बोलवा" असं ती एकदा तरी म्हणाली होती का?

हाय की नाय, एवढंच सांगा.