परातीतला समुद्र

युद्धविरोधी मोर्चाचे फलक रंगवताना ऑइलपेंटचा वास आला, की मला हिंदी मुलखातल्या आमच्या गावचा, खंडेराव गेटजवळचा गणपतीचा मंडप आठवतो. त्या वर्षी देखावा युद्धाचा होता. मोठ्या परातीत निळं पाणी, पुठ्ठ्याची जहाजं आणि त्यांतून किनाऱ्यावर उतरणारे थर्माकोलचे सैनिक, सगळे ताठ उभे. उद्घाटनाला शेजारच्या भाऊकाकांना बोलावलं, कारण तरुणपणी ते खरोखरच लढाईत अशा जहाजातून उतरले होते.

काकांनी पुढची रांग उचलली आणि पाण्यात पालथी घातली. "पाणी डोक्यावरून होतं. पाठीवरच्या ओझ्यानं पोरं तिथंच बुडाली. माझा दोस्त सदाही."

"काकाजी, बाप्पा के सामने मुर्दे नहीं रखते," मंडळाचा सेक्रेटरी हसला. सैनिक पुसून पुन्हा उभे केले. काका रोज येऊन ते पालथे करायचे आणि लोक टाळ्या पिटायचे, "फिर मार दिए काकाजी ने!"

तेव्हा ती गंमत वाटायची. आज त्या टाळ्यांनी डोकं फिरतं.

देखाव्याला बक्षीस मिळालं, शौर्याचं म्हणून. विसर्जनाला तो सगळा तळ्यात फेकला. सैनिक पालथे तरंगू लागले. काका काठाशी येऊन बघत राहिले.

"हां," ते म्हणाले, "आता बरोबर दिसतायत."