माशांचा जादा घास

अर्धी वाट सरली तेव्हा दादाने माशांची बादली दुसऱ्या हातात घेतली. घड्याळं दुरुस्त करणारा हा माणूस, केसाएवढी स्प्रिंग सहज बसवणारा. पण घरातल्या माशांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीने त्याला जेरीस आणलं होतं. दर रविवारी तो टूथब्रशने दगड घासायचा आणि आठवड्यात शेवाळ पुन्हा पोवळ्यांवर चढायचं. शेवटी काळजावर दगड ठेवून तो मासे दुकानदाराला परत द्यायला निघाला होता.

सोबतच्या धाकट्या बहिणीला राहवेना. "दादा, रागावू नकोस. रोज देवाला हात जोडले की मी माशांना चिमूटभर खाणं टाकते. मुके जीव, उपाशी कसे ठेवायचे?"

"मी सकाळ-संध्याकाळ टाकतो, तुझी वहिनी दुपारी. आणि वर तूही?" दादा मटकन रस्त्याकडेच्या बाकावर बसला अन् पोट धरून हसला. "अगं, उरलेल्या खाण्यावरच शेवाळ माजलंय! मी उगाच टाकीच्या दिव्याला नि पाण्यातल्या मिठाला दोष देत होतो."

देवच पावला, असं तिला वाटलं. दोघं माघारी वळली.

"एक कर," दादा म्हणाला, "खाण्याची डबी तुझ्या कपाटात कुलपात ठेव. दिवसातून एकदाच चिमूट टाक. आणि मी कितीही गयावया केली, तरी किल्ली मला देऊ नकोस."