विजूताईंचा घसरलेला रिषभ

विजूताई गेल्या हे कळवायला त्या सकाळी मी ज्यांना ज्यांना फोन केले, ते सगळे आधी 'अरे देवा' म्हणाले. सुहास एकटा असा निघाला, की 'अरे देवा' आणि 'वहिनी, त्या गाण्याच्या फायलींचं आता काय?' यांच्यामध्ये त्यानं श्वाससुद्धा घेतला नाही. घरात अजून माणसं जमायची होती. मी म्हटलं, "सुहास, मी हार आणायला माणूस पाठवतेय. फायली कुठे पळून जात नाहीत." आणि फोन ठेवला. त्याला आता महिना होऊन गेला. फायली पळालेल्या नाहीत, पळणारही नाहीत. ते जाहीर सांगायलाच हे लिहायला बसलेय.

विजूताई माझी नणंद. लग्न केलं नाही, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली आणि डोंबिवलीत आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर एकट्या, मजेत राहिल्या. सुट्टीच्या दिवशी ठाण्याला, नौपाड्यात बाईंकडे गाणं शिकायला जायच्या. बाई म्हणजे त्यांच्या गुरू. फार नावाजलेल्या नव्हेत. देवळात गायल्या, गणपतीत गायल्या, रेकॉर्ड मात्र एकही निघाली नाही. विजूताई पिशवीतून टेपरेकॉर्डर न्यायच्या आणि घरी घोटायला सोपं जावं म्हणून अख्खी शिकवणी टेप करायच्या. बाई गेल्यावर त्यांचा आवाज उरला तो फक्त त्या कॅसेटींवर. विजूताई स्वतः कधी चार माणसांसमोर गायल्या नाहीत. "आपण बाई शिकणाऱ्या," म्हणायच्या. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, त्यामुळे आमचं छान जमायचं.

विजूताई रिटायर झाल्यावर ह्यांनी बहिणीला लॅपटॉप घेऊन दिला आणि त्या त्यात ज्या शिरल्या त्या शिरल्याच! देशोदेशीची संग्रहालयं, ग्रंथालयं... घरबसल्या सगळं धुंडाळायच्या. मी कुकर लावत असले की खालून फोन, "नीला, गॅस बंद कर आणि ये." जावं तर पडद्यावर एखादं जुनं रागमालेचं चित्र, आणि त्या ते मोठं करत करत पार नायिकेच्या नखापर्यंत पोचलेल्या. एकदा ठाण्याचा जुना नकाशा काढून बसल्या होत्या. सुहास म्हणजे बाईंचा भाचा, बाळकुमला एका मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये बाईंच्या नावानं गाण्याचे क्लास घेतो. त्या जागेवर बोट ठेवून म्हणाल्या, "हे बघ, सुहासचा क्लास मिठागरात भरतोय!" आणि खो खो हसल्या.

एका दुपारी मात्र गेले तर डोळ्यांना धार लागलेली. बाईंच्या गुरूंची एक तबकडी होती, बाईंकडून ती फुटली. बाई जन्मभर त्या आवाजाचं वर्णन करत राहिल्या आणि तो परत न ऐकताच गेल्या. ती तबकडी विजूताईंना परदेशातल्या कुठल्याशा ग्रंथालयाच्या साइटवर सापडली होती. कुणीतरी ती स्वच्छ पुसून, वाजवून, वरच्या कागदाच्या फोटोसकट ठेवली होती. फुकट. तीनदा ऐकली. मग पदरानं डोळे पुसले आणि एकदम भडकल्याच. "बघ नीला. ज्या माणसाला मी ओळखत नाही, त्यानं हे माझ्यासाठी ठेवलं. आणि मी बाईंना माळ्यावर ठेवलंय... खोक्यात!"

त्याच संध्याकाळी खोकं खाली आलं. कॅसेटी डिजिटल करायचं तंत्र त्या स्वतः शिकल्या. पहिलं ऐकायला हौसेनं सुहासला बोलावलं. बाई मारवा शिकवत होत्या. मागे कुकरची शिट्टी, खालून भंगारवाला, आणि मध्येच बाईंचा आवाज, "विजू! रिषभ आहे तो, घसरगुंडी नाही!" थोड्या वेळानं बाईंचा स्वतःचाच सूर हलला, तशा थांबल्या. "थांब गं, आता माझं चुकलं." सुहासचा चेहरा पडला. "विजूताई, हे लोकांना ऐकवणार? बाईंची शोभा होईल. गाणं तेवढं ठेवा, बाकी कापा." त्यावर ह्या म्हणाल्या, "अरे, बाई स्वतः चुकल्या की थांबायच्या आणि 'माझं चुकलं' म्हणायच्या. तुझ्या क्लासात कोण म्हणतं?" सुहास चहा न घेता गेला. विजूताईंनी शिट्टीसकट, भंगारवाल्यासकट सगळं नेटवर चढवलं. पुढे कुण्या गावाकडच्या मुलीनं खाली लिहिलं, की तिला शिकवायला कोणी नाही, पण बाई ओरडल्या तेव्हा आपलंही तेच चुकतंय हे तिला कळलं. तेवढं वाचून दाखवायला विजूताई गुडघे दुखत असताना जिना चढून वर आल्या होत्या. पुढे आजारपण आलं आणि बरंचसं काम तसंच राहिलं.

गेल्या आठवड्यात सुहास घरी आला. माणूस वाईट नाही, हेही सांगते. बाईंवर त्याचं खरंच प्रेम आहे, फक्त धुऊन इस्त्री केलेल्या बाईंवर. म्हणाला, "वहिनी, सगळं नेटवर चढवू नका. मधलंमधलं कापून देतो, मीच." आमचे हेसुद्धा म्हणाले, "जाऊ दे ना गं, कशाला वाकडं घ्यायचं?" मी म्हटलं, कापायचंय काय ते तरी ऐकू. लावलं. सुहासनं बोट ठेवलं, "इथून... इथपर्यंत." त्या तुकड्यात एक तरुण आवाज घसरला, बाई ओरडल्या, आणि तो आवाज फिस्सकन हसला. मग घसा खाकरून परत लागला. पुन्हा घसरला. पुन्हा लागला. "ही विजू हसतेय..." हे म्हणाले आणि चष्मा काढून बसूनच राहिले.

तेव्हा माझी ट्यूब पेटली. एक्स्चेंजमध्ये हा आवाज दिवसभर अख्ख्या गावानं ऐकला, पण साठवला कुणीच नाही. उरलाय तो एवढाच. चुकताना, हसताना, परत सुरू करताना. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "सुहास, तू जे कापायला सांगतोयस ना, ती आमची विजूताई आहे. नाही कापणार." तो म्हणाला, "बाईंचा वारस मी आहे, वहिनी. मला कोर्टात जाता येईल." म्हटलं, "जा की! बाळकुमहून ठाण्याचं कोर्ट काही लांब नाही. तिथेही हीच फाईल लावेन, मोठ्या आवाजात."

तो गेल्यावर मी खाली विजूताईंच्या घरी गेले आणि त्यांच्याच टेबलाशी बसून राहिलेल्या फायली चढवायला घेतल्या. चुकत, धडपडत, ह्यांच्यावर खेकसत. एक अर्ज भरावा लागतो. रागाची चौकट रिकामी सोडली, ज्याला कळतं त्यानं कळवावं. गायिकेच्या चौकटीत बाईंचं नाव. विजूताईंनी स्वतःला सगळीकडे नुसतं 'एक विद्यार्थिनी' म्हणून टाकलं होतं. मी ते खोडलं. एकेक जुनी फाईल उघडून, सगळीकडे, बाईंच्या नावाखाली आमच्या विजूताईंचं पूर्ण नाव घातलं, आडनावासकट.

सुहास, आता कापायचंच असेल, तर नाव घेऊन काप.