दीपंकर थांबले होते
कपाटातल्या पांढऱ्या चादरीला कितीही नीळ घातली तरी बुटाचा तो तपकिरी ठसा जात नाही, आणि ती हाती आली की बडोद्याच्या निजामपुऱ्यातल्या आमच्या विहारासमोरचा चिखल आठवतो. आषाढी पौर्णिमा होती, पाइपलाइनसाठी रस्ता खणलेला, आत अगरबत्तीचा धूर आणि भिजलेल्या सुती साड्यांचा वास. भंते, म्हणजे विहारातले भिक्खू, दीपंकर बुद्धांची गोष्ट सांगत होते. गौतम बुद्धांच्या कितीतरी आधीचे हे बुद्ध. त्यांचे पाय माखू नयेत म्हणून एक तपस्वी केस मोकळे सोडून स्वतःच चिखलात आडवा झाला, तेव्हा दीपंकर थांबले, खाली पाहिलं आणि म्हणाले, हाही एक दिवस बुद्ध होईल. तेवढ्यात प्रमुख पाहुण्यांची गाडी आली. “अरे, साहेबांचे बूट खराब होतील, काहीतरी टाका!” अध्यक्ष ओरडले. मूर्तीखाली अंथरायला स्वतः शिवून आणलेली चादर आईने धावत जाऊन चिखलावर पसरली आणि हात जोडून बाजूला उभी राहिली. चेहरा नुसता उजळला होता तिचा. साहेब मोबाइल कानाला लावूनच चादरीवरून आत गेले. “चालो, जल्दी पतावो, करजण जवानुं छे,” लवकर उरका, पुढे करजणला जायचंय, एवढंच बोलले, तेही अध्यक्षांना. घरी मोरीत चादर घासताना आई म्हणाली, “खाली पाहिलंच नाही रे त्यांनी.” आता आई नाही. विहारासमोर पक्का रस्ता झालाय, चिखल औषधालाही सापडत नाही. तरी साहेब यायचे म्हटलं की गालिचा अंथरायला आमच्यात धावाधाव होते.