शेवटचा पूल

आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट मी. शिकवणीच्या पहिल्या कमाईतून मी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम घेतला आणि त्याची मला कधी लाज वाटली नाही. अमळनेरच्या आमच्या गल्लीत टीव्ही एकच, आमचा. त्या रविवारी मालिका बघायला गल्ली जमली, तेव्हा मी पहिल्यांदाच गेममधल्या शेवटच्या पुलापर्यंत पोचलो होतो. जीव एकच उरला होता. मालिका संपली की लाइट जायची, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून.

"काय भाऊ, बी.ए. व्हईसन हाई खेळस का?" शेजारच्या नानांनी टोमणा मारला. घामानं बटणावरचा अंगठा घसरत होता.

माझे वडील म्हणाले, "थांबा नाना. त्यानं काम चालू शे." माझं काम चालू होतं म्हणे!

मी पूल ओलांडला. गल्ली ओरडली. वळून पाहिलं, तर वडिलांच्या हातातली विडी पेटवायचीच राहिली होती.